बारा बायांचा एक नंबर

मला राग लवकर येतो आणि आलेला राग मी विसरत नाही. घरात यावरून माझी टिंगल चालते. पण या गोष्टीचा राग आधी स्वतःवर आला, मग एका फायनान्स कंपनीवर, आणि दोन्हीकडचा तो अजून उतरलेला नाही.

मी मध्य प्रदेशात, सौसरला अंगणवाडीत काम करते. आमच्यात रजिस्टर भरणं हे लेकरं सांभाळण्याइतकंच मोठं काम. प्रत्येक आईच्या नावापुढे मोबाइल नंबरचा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवला तर वरून विचारणा होते. ज्या बाईकडे फोनच नाही, किंवा आहे तो नवरा खिशात घालून कामावर जातो, तिचा नंबर मी कुठून आणणार? मी माझा टाकायचे. उलट आपण बायांची सोय करतो असा एक तोराच होता मला. तो आता आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमचा बारा बायांचा बचत गट आहे, मी त्याची अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी गटाने पापडाच्या मशीनसाठी पांढुर्ण्याच्या एका कंपनीकडून कर्ज घेतलं. कंपनीचा माणूस घरी आला, सगळ्यांची आधार कार्डं, फोटो, सह्या घेऊन गेला. बाराही अर्ज मीच भरले आणि हात सवयीने चालला. नंबरच्या रकान्यात बारा वेळा माझा नंबर. त्या माणसाने पाहिलं, हसला आणि म्हणाला, "बरं झालं मॅडम, आम्हालेही एकाच जागी फोन करा लागन." कर्ज आम्ही मुदतीच्या आधी फेडलं. कागद मात्र त्यांच्याकडेच राहिले. ते परत मागता येतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग एका दुपारी माझ्या फोनवर लागोपाठ बारा मेसेज आले. सगळे त्याच कंपनीचे, इंग्रजीत, अक्षरन् अक्षर सारखे. मला वाटलं, नव्या कर्जाची जाहिरात. अकरा पुसले. बारावा पुसणार तेवढ्यात एक लेकरू आपटलं म्हणून उठले, आणि तो तसाच राहिला.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी माझ्या घरामागे राहणारी, गटातलीच एक जण आली. ती संत्र्याच्या हंगामात पांढुर्ण्याला माल निवडायला जाते, एरवी घरी शिवणकाम करते. तिच्या मुलीला नागपूरला नर्सिंगची सीट लागली होती. बँकेत शिक्षणासाठी कर्ज मागितलं तर बँकेने तोंडावर नाही म्हटलं, कारण आईच्या नावावर आधीच एक थकलेलं कर्ज दिसत होतं. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई, एक इचारू? तू माह्या नावानं काही उचललं का व?"

वीस वर्षांचा आमचा शेजार. तिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस तिथे होते. मी भडकले, नको ते बोलले, हातातला पेला आदळला. नंतर लक्षात आलं की तिने दुसरं कुणाला विचारायचं? तिचे सगळे कागद माझ्या हातून गेलेले, नंबरही माझा.

संध्याकाळी तिच्या मुलीने येऊन माझा फोन घेतला आणि तो उरलेला बारावा मेसेज वाचून दाखवला. कंपनीच्या काही ग्राहकांची माहिती बाहेरच्या लोकांच्या हाती लागली आहे, ग्राहकांनी काळजी घ्यावी. एवढंच. माफी नाही, काय करायचं ते नाही, कोणाला भेटायचं ते नाही. ज्यांच्या तिजोरीतून आमचं नाव-गाव चोरीला गेलं ते आम्हालाच सांगत होते, काळजी घ्या.

शनिवारी आम्ही दोघी पांढुर्ण्याला निघालो. जामसांवलीच्या हनुमानापर्यंत बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीच्या साहेबाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की तिच्या नावाने मोबाइलवरून दुसरं कर्ज निघालं आहे. आधार तिचं, फोटो तिचा, सही तिची. त्याच्या आदल्या दिवशी तिच्या खात्यावरचा माझा नंबर काढून कुणीतरी भलताच नंबर लावला होता. तो कोणी लावला, तुमच्या लोकांनी कसा लावू दिला, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिलं.

"मॅडम, बाराही बायकांना नंबर तुमचा. माहिती तुमच्याच फोनमधून गेली असणार."

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. बाहेरचे लोक बघायला आले. माझ्या शेजारणीने मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि परतताना ती माझ्यापासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसली. साहेबाचं म्हणणं तिला खरं वाटलं की काय, या विचाराने मला बसमध्ये रडू येत होतं.

सौसरच्या कोर्टात एक वकील आहेत, त्यांच्या दोन्ही नाती आमच्या अंगणवाडीत होत्या. त्यांनी तो मेसेज पाहिला आणि आधी म्हणाले, "ताई, हा पुसू नका. यातच माहिती त्यायच्याकडून गेली हे त्यायनं सोताच लिहून देलं." मग त्यांनी कागद पुढे ओढला. पोलिसांत तक्रार करून पावती घ्यायची. कंपनीला लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची. महिनाभर त्यांनी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे पैसा लागत नाही. छिंदवाड्याला ग्राहक आयोग आहे, तिथे बाराही जणी मिळून एकच तक्रार करू शकतो. भरपाईसाठी भोपाळला एका अधिकाऱ्याकडेही जाता येतं. लोकांची खाजगी माहिती सांभाळण्याचा नवा कायदाही आला आहे.

"त्यात कंपनीले मोठा दंड होते," ते म्हणाले.

"अन् तो आम्हाले भेटते?"

"नाही. तो सरकारात जमा होते."

मला हसू आलं, रागाचं. चोरी आमच्या कागदांची, बदनामी माझ्या शेजारणीची, आणि दंड सरकारचा. तिने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"वकीलसाहेब, यातलं कोणतं दहा दिवसांत होते?"

दहा दिवसांनी फी भरायची शेवटची तारीख होती. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. दहा दिवसांत यातलं काहीच होत नव्हतं. दारं पुष्कळ होती, पण प्रत्येक दाराशी महिना-महिना बसायचं होतं, आणि कॉलेज थांबणार नव्हतं.

तरी पोलिसांत तक्रार दिली, वकिलांची नोटीसही गेली. ती पोचल्याबरोबर तो पांढुर्ण्याचा साहेब स्वतःच्या गाडीने सौसरला, माझ्या घरी आला. आता फार गोड बोलत होता. खोटं कर्ज आजच काढून टाकतो म्हणाला, बँकेसाठी पत्रही तयार करून आणलं होतं. फक्त गटाच्या बायांनी एका कागदावर सह्या करायच्या. मी बायांना बोलावून घेतलं. शेजारणीची मुलगी कागद वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"वाच," मी म्हटलं.

कागदात लिहिलं होतं, गटाच्या अध्यक्षबाईंनी आम्हाला न विचारता स्वतःचा नंबर लावला. आमची माहिती त्यांच्या हलगर्जीमुळे, त्यांच्या फोनमधून गेली. कंपनीबद्दल आमची तक्रार नाही. खाली अकरा जागा होत्या. माझी सही त्यांना नको होती.

बाया एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, "असं कसं लिहून देऊ? त्या काही चोर हायेत का?" दुसरी साहेबाला सरळ चालता हो म्हणाली. माझी शेजारीण भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि सही करते असंही म्हटलं नाही. जे खोटं कर्ज काढून टाकणं यांचं कामच होतं, त्याच्या बदल्यात हा माणूस अकरा बायांकडून माझ्यावर चोरीचा शिक्का मारून घेत होता. त्याला घरातून हाकलून द्यायला माझे हात शिवशिवत होते. पण मला ती तारीख दिसत होती. चार दिवस उरले होते.

"करा सह्या," मी म्हटलं.

"काहून?"

"मी म्हणून राहिली म्हणून. माहा नंबर लावला तवा इचारलं होतं का मी तुम्हाले? आताही नका इचारू."

अकरा जणींनी सह्या केल्या. त्यातल्या दोघींनी अंगठे उठवले. शेजारणीने सगळ्यात शेवटी सही केली, अक्षरं जोडत जोडत, आणि कागद सोडायच्या आधी खोटं कर्ज काढून टाकल्याचं पत्र साहेबाच्या हातातून काढून घेतलं. साहेबाने चहासुद्धा प्यायला. तो मी स्वतः केला होता, आणि त्याची लाज मला त्या कागदापेक्षा जास्त वाटते.

बँकेने कर्ज दिलं. फी भरली गेली, मुलगी नागपूरला गेली. गटाची बैठक मात्र पुढे दोन महिने झाली नाही. बाया रस्त्यात भेटल्या की मान खाली घालायच्या आणि मला त्यांचाही राग यायचा, जरी सह्या मीच करायला लावल्या होत्या. वकिलांनी विचारलं, आता काय? माझेही कागद त्या चोरीत गेले होते आणि माझी सही कुठेच नव्हती. मी एकटीने छिंदवाड्याला आयोगात तक्रार लावली.

पुढे तारीख लागली तेव्हा कंपनीच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे तोच कागद पुढे केला. अकरा सह्या असलेला. हिंदीत सगळा वाचून दाखवला, माझ्याकडे बोट करून. आयोगाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, या सह्या तुमच्या गटातल्या बायांच्याच आहेत का? मी म्हटलं, हो.

मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. माझी शेजारीण होती. त्या दिवशी ती कामावर गेली असं मला वाटलं होतं. माझ्या मागच्या बसने आली होती. पुढे येऊन तिने आधी पिशवीतून कॉलेजच्या फीची पावती काढली आणि टेबलावर ठेवली. मग हिंदीच्या भानगडीत न पडता, आपल्या घरात बोलते तसं बोलली.

"साहेब, पोरीची फी भरून झाली. आता मी खरं सांगतो."