धुतलेला हात

पोळ्याची कर, दुपार. हजर: मी, अपघात विभागाची सिस्टर; आमचे डॉक्टर; साफसफाईच्या मावशी; मोताळ्याकडचा एक मजूर, फवारताना विष अंगात भिनलेला; आणि त्याचा भाऊ. रुग्णवाहिकेचे डॉक्टर हजर होते, पण रुग्णाला स्ट्रेचरवरून उतरवेपर्यंतच. त्यांना धामणगाव बढेचा फोन आला होता.

फवारणीचा रुग्ण आला की आम्ही आधी कपडे काढतो, साबणाने अंग धुतो. मावशींनी तेच केलं. थोड्या वेळाने तो चादर ओढायला लागला, हवेत काहीतरी वेचायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "हे विषानं, की उताऱ्याचं औषध जास्त झाल्यानं? गाडीत किती दिलंय?"

भाऊ म्हणाला, "सुई देल्ली जी. मंग अजून देल्ली."

किती, ते त्याला माहीत नव्हतं. विष असेल तर औषध वाढवायचं, औषध जास्त झालं असेल तर थांबवायचं. चुकलं तर माणूस हातचा जाणार. मी रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांना फोन लावत राहिले. गाडी रेंजबाहेर. आमचे डॉक्टर त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसले. शेवटी फोन लागला.

"त्याच्या हातावर लिहून देल्लं ना, सिस्टर. पेनानं."

"हात धुतला."

"काऊन?"

"फवारणीचा पेशंट न धुता पलंगावर घेऊ काय?"

मग त्यांनी आकडा सांगितला. तो बराच जास्त होता. डॉक्टरांनी औषध थांबवलं. संध्याकाळी त्या माणसाने भावाला नावाने हाक मारली.

मावशी म्हणाल्या, "पुढच्या खेपेले गोंदूनच पाठवा म्हणा."

दोन्हीकडचं बरोबर होतं, म्हणूनच घोळ झाला. त्यांच्याकडे गाडीच्या धक्क्यात कागद उडतो, म्हणून हातावर लिहितात. आम्ही धुतो. मग ठरलं: दारातच थांबायचं, किती औषध दिलं ते त्यांनी मोठ्याने सांगायचं, मी तेच परत म्हणायचं, मगच पाणी. दिवसाच्या गाडीशी हे जमतं.

दुसऱ्या पाळीची गाडी जळगाव जामोदकडून येते. आज ड्यूटी संपल्यावर पाय दुखत असतानाही तिच्यासाठी दारात थांबले. तिच्या डॉक्टरांनी रुग्ण उतरवला, तोवर त्यांचा फोन वाजला. मी "साहेब, एक मिनिट" म्हणेपर्यंत गाडी फाटकाबाहेर होती. रुग्णाच्या मनगटावर निळी शाई होती. ती मी धुण्याआधी वाचून घेतली.

दारात थांबायचं ठरलंय, हे त्यांना सांगायचं राहिलंच आहे.