ट्रायल न घेतलेली सीट

माझे भावोजी शिंपी. फक्त पुरुषांचे कोट शिवतात, आणि असे शिवतात की पोट सुटलेला माणूसही नवरदेव दिसतो. एवढं कौतुक आधीच करून ठेवते, कारण पुढे मला त्यांना बरंच बोलायचं आहे.

मी त्यांची मेव्हणी, ताईची धाकटी बहीण. दुकानातली काज-बटणं माझ्याकडे. वरच्या दोन खोल्यांत ते दोघं राहतात, अंगणापलीकडे मी. त्यामुळे त्या घरात काय शिजतंय हे मला त्यांच्याआधी कळतं.

भावोजींचा एक नियम आहे. कच्ची शिलाई झाली की गिऱ्हाइकाला बोलवायचं, आरशासमोर उभं करायचं, तोंडात टाचण्या धरून विचारायचं, "कुठे काचतंय?" नाही म्हटलं तरी सोडत नाहीत. "हात वर करा. आता बसा. आता काचतंय?" गिऱ्हाईक कितीही मोठा साहेब असो, ट्रायलशिवाय कोट उंबऱ्याबाहेर जात नाही.

त्यांच्याकडे कोट शिवणारे एक म्हातारे डॉक्टर वारले. त्यांची मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "मास्तर, बाबांची जुनी गाडी न्याल का? नाहीतर भंगारवाला येतोय." आम्ही बघायला गेलो. दोनच माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची बुटकी स्पोर्ट्‌स कार. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला, गाड्याही मोजक्याच निघालेल्या. आत कोंबड्यांनी संसार थाटला होता. भावोजींनी स्टिअरिंगवरची पिसं बाजूला केली आणि हो म्हणून मोकळे झाले. बायकोला विचारायचं असतं हे गावीही नाही!

गाडी अंगणात उतरली तेव्हा ताई कठड्याला टेकून बघत होती. "अहो, हे काय उचलून आणलंत?"

"तुला समुद्रावर न्यायला," भावोजी म्हणाले.

ताई खुदकन हसली. लग्नानंतर दोघं मोटरसायकलवरून खूप भटकायचे. मग दुकान वाढलं, लग्नसराई सोडून जाववेना, आणि भटकणं मागे पडलं. त्या दिवशी ताईच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

मग जे सुरू झालं त्याने आमच्या नाकी नऊ आले. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने इंजिन उघडलं. सीट, दारांची अस्तरं, वर ओढायचं कापडी हुड हे काम भावोजींचं. डॉक्टरांच्या तरुणपणीचा, गाडीत बसलेला एक फोटो त्यांनी मशीनसमोर लावला होता. फोटोत आहे ते ठेवायचं, नाही ते फेकायचं. मेकॅनिक काही नवीन बसवू म्हणाला की यांचं ठरलेलं उत्तर, "मूळचं नाही ते." एकदा सीट पूर्ण शिवून झाल्यावर भिंगातून फोटो बघितला आणि सगळी उसवली. टाके फोटोतल्यापेक्षा बारीक पडले होते म्हणे.

"भावोजी, सीटखाली डोकं घालून टाके मोजायला कोण बसणार आहे?"

"मला माहीत असेल ना, मेव्हणीबाई."

मी कपाळाला हात लावून काजांकडे वळले. ताई मात्र पायरीवर बसून मुकाट्याने हुडला हातशिलाई घालायची. आपल्याला समुद्रावर जायचंय हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गाडी रंगाला गेली आणि ताई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून सांधा बदलला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बुटक्या आसनावर बसायचं नाही, गुडघे कमरेच्या वर येता कामा नयेत. भावोजी शेजारी उभे राहून मान डोलावत होते. घरी आल्यावर त्यांनी पलंगाच्या, खुर्चीच्या पायांखाली स्वतः ठोकळे ठोकले. बायकोचं करण्यात कुठे म्हणून कमी पडले नाहीत, हे मला कबूल आहे.

पण ताई बाहेर पडेना. चालायला लागली तरी दारापर्यंत जायची आणि परतायची. मी म्हणायचे, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. ती म्हणायची, "गाडी होऊ दे गं. मग बघ कशी निघते." तिने आपलं बाहेर पडणं त्या गाडीला बांधून ठेवलं होतं. मला धास्ती त्याचीच होती, कारण माणूस एकदा घरात बसला की बसतोच.

शेवटी गाडी झाली. चेरीच्या रंगाची, आरशासारखी चकचकीत. खोटं कशाला बोलू, मीही तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. ताई निळा स्कार्फ बांधून, कठडा धरून खाली आली. भावोजींनी दार उघडलं. ताईने सीटकडे पाहिलं. रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर. माझा दंड धरून ती जराशी वाकली, थांबली, पुन्हा वाकली.

"अहो, ही तर जमिनीवरच बसलीये," ती हसून म्हणाली. मग स्कार्फची गाठ सोडली. "जुन्या गाड्यांचा मेळावा आहे ना? तुम्ही जाऊन या. सोबतीला माझ्या बहिणीला न्या."

दुसऱ्या दिवशी मी वर गेले, तर तो स्कार्फ थंडीच्या कपड्यांत, अगदी तळाशी घालून ठेवला होता. "असू दे गं," ताई म्हणाली. "आता कुठे जायचंय मला? बरं चाललंय माझं घरात." ते 'बरं चाललंय' माझ्या काळजात घुसलं.

मेळाव्याला मी गेले, तीही चरफडत. पण रस्ता मोकळा लागला, वारा तोंडावर आला, आणि मेली गाडी अशी धावायला लागली की माझा राग टिकेना. भावोजी हात करून दाखवत होते. "मेव्हणीबाई, बघा, केवढं तळं!" थोड्या वेळाने, "अगं, बघ, बगळे बघ!"

अगं? मला ते जन्मात अगं म्हणाले नव्हते. त्यांच्याही लक्षात आलं. हात खाली गेला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "भावोजी, जन्मभर परक्यांची मापं घेतलीत. ही सीट कुणाच्या मापाची?"

"फोटोच्या," ते म्हणाले.

"फोटो बसणार आहे का समुद्रावर जायला? बिनट्रायलचा कोट कधी दिलात कुणाला? मग माझ्या बहिणीलाच का दिलात?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. डोळे भरले होते. ते पुसून त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही मेळाव्याला न पोचताच घरी आलो.

आल्या आल्या टेप घेऊन वर गेले. ताईला ठोकळ्यांच्या खुर्चीत बसवून तळव्यापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत माप घेतलं. समोरच्या सलूनवाल्याकडे जुनी फिरती खुर्ची पडून होती, तिचं खालचं लोखंड मागून आणलं. मेकॅनिक हादरलाच. "मास्तर, गाडीच्या तळाला भोकं पाडायची? अशा उरल्यात किती माहितीये ना? हिची सगळी किंमत जाईल!"

"पाडा," भावोजी म्हणाले, आणि ड्रिल त्याच्या हातात दिलं. फोटोबरहुकूम दोनदा शिवलेली ती सीट त्यांनी स्वतःच्या कात्रीने कापली. मी काजांत मान घालून बसले होते. मला बघवेना.

पुन्हा खाली यायला ताई तयार नव्हती. "नको हो, परत फजिती."

"फिरायला चल म्हणत नाही मी," भावोजी म्हणाले. "ट्रायल आहे."

गिऱ्हाइकासारखी नाइलाजाने ती आली. सीट उघड्या दारातून बाहेर तोंड करून ठेवली होती, खुर्चीइतकी उंच. ताई सरळ बसली. भावोजींनी तिचे पाय उचलून सीट हळूच आत फिरवली, खिट्टी लावली. आता ती त्यांच्या सीटपेक्षा चांगली हातभर वर होती. दिसायला ध्यान दिसत होतं, खरं सांगते.

भावोजी रस्त्यावर गुडघे टेकून बसले. सवयीने तोंडात टाचण्या धरलेल्या. त्यांतूनच पुटपुटले, "कुठे काचतंय?"

ताई आयुष्यात कधी कशाबद्दल कुरकुरली नाही. या वेळी तिने पाठ टेकली, पाय हलवून पाहिले, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"इथे नाही हो," ती म्हणाली. "घरात काचत होतं."

भावोजींनी तोंडातली एकेक टाचणी काढून माझ्या तळहातावर ठेवली, पलीकडून गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

"अगं, स्कार्फ आण माझा!" ताई माझ्यावर ओरडली. "अशी उभी काय राहिलीस?"