धन्यवादाचं पान

सासूबाईंची उपाशीपोटी साखर तपासायची होती. डोंबिवलीच्या केंद्रात वेळ मिळाली नाही, म्हणून त्या शनिवारी सकाळी मी त्यांना कल्याणला घेऊन गेलेले. लॅब आमच्याच कंपनीची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमची अशी बरीच केंद्रं आहेत. माझा मात्र रक्ताशी संबंध नाही. माझं काम वेबसाइटचं. किती लोक आले, कुठून आले, कुठल्या पानावर अडले आणि किती जणांनी बुकिंग केलं, हे मोजायचं आणि दर सोमवारी वरच्यांना सांगायचं. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसून चार वर्षं मी हे करत होते. लॅबच्या आत याआधी एकदाच गेलेले, एका केंद्राच्या उद्घाटनाला, पेढा खायला.

काउंटरपुढे आठदहा माणसं होती. रिसेप्शनवरची मुलगी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती, "मोबाइलवर मेसेज आलाय ना, त्यातली लिंक उघडा आणि बुकिंग नंबर दाखवा."

आमच्या पुढे एक आजोबा होते. त्यांनी लिंक उघडली. हिरवी खूण आली आणि खाली अक्षरं, ‘धन्यवाद, तुमचं बुकिंग झालं आहे.’ त्यांनी फोन पुढे करेपर्यंत स्क्रीन काळी झाली. पुन्हा उघडली. मुलीने नंबर लिहून घेतला. आतल्या दारापाशी रक्त घेणाऱ्या माणसाने परत विचारलं, "नंबर?" आजोबांनी परत लिंक उघडली.

मी ती हिरवी खूण बघत राहिले.

बुकिंग पूर्ण केलं की माणूस त्या धन्यवादाच्या पानावर पोचतो. म्हणून मी सुरुवातीलाच नियम लावलेला, हे पान एकदा उघडलं की एक बुकिंग धरायचं. तेव्हा त्या पानावर जायची दुसरी वाटच नव्हती. आता मेसेजमधून थेट तिथेच वाट गेलेली. आजोबांनी माझ्या डोळ्यांदेखत तीन वेळा पान उघडलं, म्हणजे माझ्या हिशेबात तीन नवीन बुकिंग झाली. त्यांच्या मागे बसलेले सगळे तेच करत होते.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?" सासूबाई म्हणाल्या. "मला गरगरतंय. नंबर दाखव आपला."

मी लिंक उघडली. म्हणजे आणखी एक.

हा दोष एरवी सापडला असता, तर मी मुकाट्याने दुरुस्त केला असता आणि अहवालात खाली एक ओळ टाकली असती. पण सोमवारी अकरा वाजता मीटिंग होती. ठाण्यातच, बाळकुमला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची फोनवर बुकिंग घेणारी खोली आहे. तिथे सात बायका काम करतात. ती खोली बंद करायची की नाही, ते सोमवारी ठरणार होतं. ऑनलाइन बुकिंग अडीच महिन्यांत जवळजवळ दुप्पट झालं, मग फोन कशाला, असा मुद्दा होता. आणि त्या मुद्द्याखालचा आलेख मी काढलेला. रंगसुद्धा मी निवडलेले.

रक्त देऊन झाल्यावर सासूबाईंना खाली टपरीवर चहा-बिस्किट देऊन मी घरी आणलं आणि लॅपटॉप उघडला. एका गोष्टीने वाचवलं. त्या पानाच्या पत्त्यात प्रत्येकाचा बुकिंग नंबर असतो. एकाच नंबराची पानं कितीही वेळा उघडली, तरी एकदाच मोजायची असं ठरवून मी अडीच महिने पुन्हा चाळले. वर गेलेली रेघ खाली आली. नुसती उतरली नाही, आधीसारखी सपाट झाली. वाढ अशी नव्हतीच.

मग मी मेल शोधले. मेसेजमध्ये लिंक टाकायचं कोणी ठरवलं आणि मला का सांगितलं नाही, या रागात शोधत होते. मेल सापडला, अडीच महिन्यांपूर्वीचा. दहा जणांना गेलेला, त्यात माझंही नाव होतं. मी तो उघडलेला होता. वाचलेला असणार. त्यावर ‘ठीक आहे’ म्हणून अंगठ्याची खूणसुद्धा दिलेली होती.

मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात गेले. नवरा कांदा चिरत होता. त्याला सगळं सांगितलं.

"तुझ्या सरांना फोन कर," तो म्हणाला.

"ते गावी गेलेत, लग्नाला."

"मग काय झालं? फोन तर आहे ना त्यांच्याकडे."

मी केला. मागे सनई चालू होती. सर म्हणाले, "सोमवारी बोलू, सकाळी लवकर ये." मी काय सांगितलं ते त्यांना नीट कळलं की नाही, ते मला कळलं नाही. रविवारभर मी तोच हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा मनात एकच, की आपलंच काहीतरी चुकलेलं असावं आणि पहिला आलेखच बरोबर निघावा.

सोमवारी मी स्कूटरवर माणकोलीच्या पुलावरून निघाले आणि साडेनऊला ऑफिसात पोचले. सर केबिनमध्ये होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी जुना आणि नवा आलेख आलटून पालटून बघितला. सर वाईट माणूस नाहीत. मला कामाला लावलं ते त्यांनीच, शिकवलंही त्यांनीच.

"खात्री आहे?"

"हो सर."

"हे आकडे मी तीन मीटिंगांमध्ये दाखवलेत."

"माहीत आहे. चूक माझी आहे. तो मेल मला आलेला."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ. आज फक्त तत्त्वतः ठरणार आहे. आज हे काढलं तर मीटिंग तुझ्यामाझ्यावरच होईल. पुढच्या महिन्याच्या अहवालात दुरुस्ती टाकू. शांतपणे."

"पण सर, तोपर्यंत त्या बायकांना नोकरी गेल्याची पत्रं जातील."

"ते एचआरचं काम आहे. आपलं नाही."

मी लॅपटॉप मिटून उचलला. त्यांनी ते हो समजून घेतलं असावं. ते हो होतं की नाही, हे मला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं.

मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या टोकाला फोनच्या खोलीच्या मुख्य ताई बसलेल्या. पन्नाशीच्या, मूळच्या बाळकुमच्याच. तिथे शेती होती तेव्हापासूनचं त्यांचं घर. सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्यांना निर्णय कळवायला बोलावलेलं, मत द्यायला नव्हे. पुढे एक वही होती, उघडलेली, कोरी. आमच्या संचालिका, त्या स्वतः पॅथॉलॉजीच्या डॉक्टर, दुसऱ्या टोकाला.

सरांनी सुरुवात केली. चौथ्या पानावर माझा आलेख आला. निळी रेघ वर चढत गेली. सर म्हणाले, "इथे स्पष्ट दिसतंय की..."

"सर, थांबा," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, फक्त सरांनी नाही. ते पडद्याकडेच बघत राहिले.

"हा आलेख चुकीचा आहे. एकच बुकिंग अनेकदा मोजलं गेलंय. वाढ झालेली नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस चुकतंय?"

"अडीच महिने."

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा सकाळी. कल्याणच्या सेंटरला गेलेले, तिथे बघितलं."

"कोणामुळे झालं?"

मी मेलबद्दल सांगितलं. तो मला आला होता आणि मी वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, तेही सांगितलं. सरांना सकाळी सांगितलं होतं, एवढं मात्र सांगितलं नाही. ते गाळलं ते बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लॅबमध्ये एखादा रिपोर्ट चुकला, तर आम्ही आधी पेशंटला फोन करतो. कोणी चुकवला ते नंतर बघतो. हा विषय आज बंद. आकडे नीट करून आणा, मग बसू."

बाहेर पॅसेजमध्ये ताई मला गाठायला थांबलेल्या. मला वाटलं आभार मानतील. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या त्या चित्रात आमचे फोन कुठं होते?"

"नव्हते," मी म्हणाले. "मी फक्त वेबसाइट मोजते."

"मंग आमी बंद करायच्या लायकीच्या हाव का नाय, ते तुमी कशावरून सांगत व्हत्या?"

त्यांनी ती कोरी वही काखेत धरली. त्या म्हणाल्या, "या एकदा बाळकुमला. बसा, ऐका."

गुरुवारी मी गेले. सात टेबलं, सात हेडफोन, खिडकीत तुळस. ताईंनी मला एक जादा हेडफोन दिला. पहिला फोन भिवंडीहून एका माणसाचा. वेबसाइट त्याच्यापुढे उघडी होती. फॉर्ममध्ये ईमेल मागत होते आणि त्याला ईमेल नव्हता. मी ते पान वर्षभर बघत होते. तिथून माणसं परत जातात, हे मला माहीत होतं. अहवालात मी त्यांना ‘अर्धवट सोडणारे’ म्हणत असे.

"असूंदे दादा, नाव सांगा," ताईंच्या शेजारची मुलगी म्हणाली. आणि तिने समोरच्या कॉम्प्युटरवर आमची वेबसाइट उघडली, त्याचं नाव भरलं, ईमेलच्या जागी खोलीचा स्वतःचा ईमेल टाकला आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली.

मी हेडफोन काढला. "तुम्ही वेबसाइटवरून बुकिंग करता?"

"मंग? आमचं जुनं सॉफ्टवेअर फार वेळ खातंय," ताई म्हणाल्या. "माणूस फोनवर ताटकळतो. यावरून झटकन होतंय. सगळ्याच करतात."

मी तिथेच बसले. ज्या बुकिंगांच्या जोरावर ही खोली बंद करायला निघालेलो, त्यातली कितीतरी याच खोलीतून होत होती. हे मला कुठल्याही आलेखात दिसलं नसतं. ज्या कॉम्प्युटरवरून बुकिंग होतं तो कोणाचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी एकवीस फोन ऐकले. मधूनच ताईंनी मला भाकरी आणि सुकटीची चटणी दिली.

नवा अहवाल मी दोन आठवड्यांनी दिला. त्यात फोन होते, खोलीतून भरलेले फॉर्म वेगळे दाखवलेले होते आणि पहिल्याच पानावर आधीचा आकडा कसा चुकला ते लिहिलेलं होतं. खोली राहिली. फॉर्ममधली ईमेलची सक्ती गेली. पण सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या वर्षात दोघींनी नोकरी सोडली, तर त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही. यावेळी आकडे बरोबर होते, आणि ते आकडे मीच दिलेले. ताईंनी त्याबद्दल मला काही म्हटलं नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सर माझ्याशी दोन आठवडे कामापुरतंच बोलले. माझ्या बढतीचं चाललेलं, ती दुसऱ्या एकाला मिळाली. मी रेझ्युमे तयार करून ठेवलेला. मग एके दिवशी सर चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मी त्या दिवशी तुला थांबवायला नको होतं." एवढंच म्हणून ते गेले. रेझ्युमे मी पाठवला नाही.

घोडबंदर रोडला एका भाड्याच्या हॉलमध्ये आमच्या कामातली माणसं दोनतीन महिन्यांनी जमतात. बहुतेक जण काय जमलं ते सांगतात. गेल्या खेपेला मी हे सांगितलं. सांगून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागच्या रांगेतले एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले. शाळेची बस कुठे पोचली ते पालकांना दाखवणारं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत ते होते. ते म्हणाले, "आमचं अ‍ॅप पालक दिवसातून किती वेळा उघडतात ते मी मोजायचो. आकडा वाढला की, लोकांना अ‍ॅप आवडतंय, असं सांगायचो. एकदा नातीला आणायला स्टॉपवर उभा होतो. बस आलीच नाही. आजूबाजूच्या सगळ्या आया दर मिनिटाला अ‍ॅप उघडत होत्या. मीसुद्धा."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं एकाच बसस्टॉपवर उभे होतो. रस्ता तुंबलेला, बस कुठेच दिसत नव्हती.

"मग ऑफिसात काय म्हणाले?" मी विचारलं.

ते गाड्यांकडे बघत राहिले. "मी अजून सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "वर्ष होत आलं."

"का?"

"कोणी विचारलं नाही."

मी माझा नंबर त्यांना दिला. महिन्याभराने त्यांचा मेसेज आला. ‘आज सांगितलं. ऐकून सगळे गप्प झाले. उद्या परत बोलावलंय.’ मी त्यांना फोन लावला, आणि ते बोलत राहिले तसं मी ऐकत राहिले.