पंपाच्या आवाजाखाली

प्रयोगशाळेत तिला सगळे 'कानवाली' म्हणत. गर्दीतही आपला कान एकाच माणसाचं बोलणं वेचून घेतो, तसं मिसळलेले आवाज सुटे करणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. आईवडील गेल्यावर तिला वाढवलं शिंपीकाम करणाऱ्या मामाने. "लग्नाचं म्हटलं की हिला ऐकू येत नाही," अशी तो तिची टर उडवायचा आणि गिऱ्हाइकांपुढे तिचं कौतुक करताना थकायचा नाही.

एका सकाळी मामाचं दुकान असलेली इमारतच कोसळली. लॅपटॉप छातीशी धरून ती धावत सुटली. बचाव पथकाने ढिगाऱ्यात माइक सोडला होता, पण हेडफोनमध्ये नुसती पंपाची घरघर.

"अहो, बंद करा ना तो पंप!"

"बाई, तळघरात पाणी भरतंय," पथकाचा प्रमुख म्हणाला. "पंप थांबवला तर खाली कोणी असेल ते बुडेल."

तिने प्रोग्राम लावला. घरघर हटता हटेना. ती रडकुंडीला आली आणि मग एकदम ओरडली, "आणखी एक माइक सोडा! याच्या शेजारी, वीतभर अंतरावर. माणूस दोन कानांनी ऐकतो हो!"

आता पंपाचा आवाज डाव्या माइकला क्षणभर आधी पोचत होता. डावीकडून येणारं सगळं तिने गाळलं. खाली उरली एक क्षीण हाक. बाईची.

मामाचं दुकान डावीकडे होतं, जिना उजवीकडे. तरी तिने हात वर केला. "उजवीकडे. जिन्याखाली कुणीतरी बाई आहे. जिवंत आहे."

सगळी माणसं उजवीकडे वळली. ती मात्र डावीकडचा गाळलेला आवाज पुन्हापुन्हा उसवत बसली. ठकठक ऐकू आली की जीव कानात गोळा व्हायचा, पण ते गळणारं पाणी निघायचं. "मामा, एकदा तरी ओरड ना रे!"

दुपारी वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली बाई जिवंत निघाली. मामा निघाला दुसऱ्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, छत पडलं त्याच क्षणी गेला. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही.

त्या दिवशी लॅपटॉपवर झालेलं ढिगाऱ्यातलं ध्वनिमुद्रण तिने घरी आणलं; डावीकडचा आवाज ती अजून उसवते आहे. शिकवणीवाली अधूनमधून येते, "दोन घास खाऊन घे गं" म्हणते. ती दार उघडते, बसायला खुर्ची देते. हेडफोन काही काढत नाही.