शाईच्या कागदातली एक ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या मेधाताईंना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरीही फोन वाजला की मी कागद उलटा करून ठेवते. घरात कुणी नाही. मग लपवतेय कुणापासून?

मेधाताई मूळच्या सांगलीच्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे आम्ही दोघी जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आलेल्या. त्या सांगलीत शाळेत चित्रकला शिकवायच्या, मी नाशिकला डीटीपीची कामं करायचे. इथे मात्र मी आठ वर्षं घरी बसून होते. एका गणपतीत इथल्या मराठी मंडळाचा बॅनर आम्ही दोघींनीच केला आणि तिथेच ठरलं — हाच धंदा करायचा. दुकानांच्या काचांवरची अक्षरं, गाड्यांवरची नावं, व्हिनाइलचे स्टिकर. गेवेर्बेची, म्हणजे धंद्याची, नोंदणी केली आणि एका इमारतीच्या मागच्या अंगणातलं जुनं गॅरेज भाड्यानं घेतलं. दोन खोल्या, मधे दार.

मशीन मी निवडलं. मेधाताईंचं जर्मन 'या' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, यांपलीकडे जात नव्हतं. फोन, कागद, खरेदी सगळं माझ्याकडे. समोर दोन मशीन्स होती. एक पाण्याच्या शाईचं. वास जवळजवळ नाही, पण विजेची मोठी लाइन घ्यावी लागणार, म्हणजे घरमालकाची परवानगी आली. दुसरं सॉल्व्हंट, म्हणजे रासायनिक द्रावकात कालवलेल्या शाईचं, वापरलेलं पण चांगलं राखलेलं, छापून झालं की स्वतःच अक्षरं कापणारं. त्याचा लाल रंग पाहिला आणि माझं मन तिथेच बसलं. विकणारे म्हातारे गृहस्थ दोनदा म्हणाले, आब्झाउगुंग लागेल हं — म्हणजे मशीनवरची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि पाइप. त्यासाठी भिंतीला भोक पाडायचं. म्हणजे पुन्हा घरमालक. शाईला वास आहे म्हटल्यावर तो जागाच नाकारेल, अशी मला धास्ती वाटली. मी "या, क्लार" — हो, अर्थात — म्हटलं आणि सही केली.

शाईबरोबर सुरक्षेच्या माहितीचा कागद आला. आठ-दहा पानं, सगळं जर्मन. मेधाताई चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या.

"वाच गं, सगळं वाच. दिवसभर त्या शाईजवळच असणार आपण."

मी वाचायला लागले, एकेक ओळ मराठीत सांगत. हातमोजे घाला. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्यानं धुवा. आगीपासून लांब ठेवा. आणि मग ती ओळ आली — बंद खोलीत वापरू नये, वाफ सतत नाकातोंडात गेल्यास श्वसनाला त्रास होऊ शकतो, हवा बाहेर ओढणारी यंत्रणा असावी. मी अडखळले का? नाही. आजही भीती वाटते ती त्याचीच. माझा आवाज जरासुद्धा बदलला नाही. बोट त्या ओळीवरून पुढच्या ओळीवर गेलं आणि मी म्हणाले, "पुढे काय, थंड जागी ठेवा वगैरे."

"म्हणजे धोका नाही ना काही?"

"नाही हो ताई. डब्यावर इको लिहिलंय की."

सॉफ्टवेअरचंही तसंच. चित्र मशीनला समजेल अशा भाषेत देणारं एक सॉफ्टवेअर लागतं, त्याशिवाय रंग बरोबर उतरत नाहीत. एकात इंग्रजी मेन्यू होता. मेधाताई चार दिवसांत शिकल्या असत्या. पण मशीनबरोबर जर्मन आवृत्ती आयती मिळत होती, मी तीच ठेवली. परिणाम काय? कॉम्प्युटर माझ्याकडे, पुढच्या खोलीत. मशीन मेधाताईंकडे, मागच्या खोलीत. मधलं दार बंद — वास येतो म्हणून. हो, मला वास यायचा. मी दार लावायचे.

"खिडकी जरा उघडू का गं?" त्या विचारायच्या.

"नको ना ताई, ओल्या छपाईवर धूळ बसते."

धूळ बसते हे खरं होतं. खऱ्याचा असाही उपयोग होतो, हे मी त्या खोलीत शिकले.

तीन वर्षं चाललं. काम वाढलं; रस्त्यावर आपण केलेली गाडी दिसली की मेधाताई लहान मुलीसारखं बोट दाखवायच्या. त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट नाही. सुरुवातीला घरी ठेवायचा व्हिनाइलचा रोल खांद्यावर टाकून एका दमात वर जायच्या, मीच मागे धापा टाकत. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. तिसऱ्यात त्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबायला लागल्या. "वय झालं गं," म्हणायच्या. मी "हो, थंडीही किती आहे," म्हणायचे. तो खोकला बंद दाराआडूनही ऐकू यायचा. मी कानात गाणी लावून काम करायला लागले. ऐकू येईनासं झालं की भीती जाते, असं वाटतं ना? जात नाही.

मग त्यांच्या यजमानांना कोलोनला नोकरी लागली आणि त्या गेल्या. मशीनपाशी आता मला उभं राहावं लागणार होतं. तुम्हाला सांगू, मी काय केलं? महिन्याच्या आत घरमालकाकडे गेले आणि पाइपसाठी परवानगी मागितली. तो म्हणाला, "करा की. आधीच का नाही विचारलंत?" दोन मिनिटंही लागली नाहीत.

तरीही मी सर्वांत जास्त ज्याला घाबरते, ते अजून सांगितलेलं नाही. त्या गेल्यावर काही महिन्यांनी भर दुपारी त्यांचा फोन आला. छातीच्या डॉक्टरांसमोरूनच.

"अगं, डॉक्टर विचारतायत, आपल्या मशीनमध्ये कुठली शाई होती? म्हटलं थांबा, माझ्या मैत्रिणीला सगळं माहितेय."

कागद माझ्या पाठीमागच्या फाइलीत होता. हात मागे नेला असता तर मिळाला असता.

"पाण्याची," मी म्हणाले.

त्यांनी ते डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. मला कीबोर्डचा आवाज ऐकू आला. टक टक टक. माझं खोटं कुणीतरी त्यांच्या आजाराच्या कागदात लिहून घेत होतं.

मग डॉक्टर आणि ताईंच्या घरचे आजाराचं कारण दुसरीकडे शोधत राहिले. घरात बुरशी असेल म्हणून भिंतींचा वॉलपेपर खरवडला. गालिचे टाकून दिले. सांगलीहून आणलेल्या बियांची झाडं होती बाल्कनीत, ती परागकणांच्या संशयावरून देऊन टाकली. आता त्या दिवसातून दोनदा इनहेलर घेतात. शाईनंच झालं का हे? मला माहीत नाही. कुणालाच कधी कळू नये, याची सोय मी केली.

गेल्या मंगळवारी एका मुलीचा फोन आला. केतकी, पुण्याची, कोलोनला राहते, व्हिनाइलचाच धंदा सुरू करतेय. नंबर मेधाताईंनी दिला. "त्या म्हणाल्या, मशीनमधलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही." तिनं यादीच केली होती: कुठलं मशीन, वेगळा कटर घ्यावा का, सॉफ्टवेअर कुठलं. मी सगळं सांगितलं. सॉल्व्हंट घेणार असशील तर हवा ओढणारा पाइप पहिल्या दिवसापासून हवा, हेही सांगितलं. एवढं तरी सांगितलं, असं मनात येत होतं, तोवर तिनं विचारलं,

"तुमच्याकडे होता ना तो?"

आणि मी म्हणाले, "हो तर. पहिल्या दिवसापासून."

मेधाताई त्या खोलीत तीन वर्षं उभ्या होत्या. पाइप नव्हता, हे त्यांना माहीत आहे. केतकी रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणार आहे.

आज शुक्रवार.