आईची आल्याची पेज

फिलिपिन्सहून आलेल्या माझ्या वहिनीला आज ताप आहे, म्हणून माझ्या भावाच्या, राऊच्या घरी तिच्या माहेरची तांदळाची पेज मीच शिजवतेय. आलं नि तळलेल्या लसणाचा वास सुटला अन् आईची खाट डोळ्यांसमोर आली.

शेवटच्या दिवसांत आई अंथरुणाला खिळलेली. मी सासरहून मेतकूट-भात नेला, तर तिनं तोंड फिरवलं. वहिनीनं मात्र मान उचलून हीच पेज भरवली नि आईनं वाटी संपवली. मध्येच मी भरवायला चमचा मागितला, तर वहिनी म्हणाली, "तू बस ना आरामसे, दोन दिवसांची पाहुणी." माझ्या पोटात दुखलं, ते अजून दुखतंच.

आज वहिनीनं एक घास घेतला. "ताई, मस्त झालीय. पण आईंना आलं जास्ती लागायचं."

हेही हिलाच ठाऊक! मी आणखी आलं किसायला घेतलं.