स्वतःशीच झालेला करार

माझ्या मामाचं काम ऐकून लोक आधी हसायचे, मग "खरंच?" म्हणून विचारायचे. परक्या देशांशी करार होतात ना, तेव्हा सही करणाऱ्या मंत्र्याच्या खुर्चीमागे एक माणूस उभा असतो. तो पान उघडतो, सहीच्या जागेवर बोट ठेवतो आणि सही झाली की तिच्यावर टिपकागद दाबतो. तो माणूस म्हणजे आमचा मामा. सव्वीस वर्षं! मामी म्हणायची, "घरात चहा सांडला तर पुसायला उठत नाहीत, आणि तिकडे देशाची शाई टिपतात."

त्या वर्षी खात्यात नव्या साहेबबाई आल्या. बॉलपेनच्या जमान्यात टिपकागदाला माणूस कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. "हा कार्यक्रम बिनचूक झाला तर बघू," त्या तोंडावर म्हणाल्या, "नाहीतर तळघरात जुन्या फायली लावायला जा." मामाला अन्न गोड लागेना.

करार होता इतक्या लांबच्या देशाशी, की आपण उठतो तेव्हा तिकडे लोक झोपायला जातात. ते लोकर देणार, आपण शिवणयंत्रं. तीन दिवस बोलणी झाली आणि तिन्ही दिवस दोन्ही मंत्री काठी गिळल्यासारखे ताठ. त्यांच्याकडूनही एक टिपकागदवाली आली होती, गोल चष्म्याची, मामाच्याच वयाची. एकमेकांची भाषा कळेना, पण दोघांनी एकमेकांचे टिपकागद चाचपून पाहिले आणि पसंतीने माना डोलावल्या.

आता रीत अशी, की प्रती दोन. प्रत्येक मंत्री आधी आपल्या देशाच्या प्रतीवर डावीकडे सही करतो. मग मागून प्रतींची अदलाबदल होते आणि तो दुसऱ्याच्या प्रतीवर उजवीकडे सही करतो. आमच्याकडे ही अदलाबदल यजमान करतो, त्यांच्याकडे पाहुणा. हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

पहिल्या सह्या झाल्या. मामाने झोकात प्रती बदलल्या आणि नवा टिपकागद घ्यायला वळला. तेवढ्यात गोल चष्मेवालीने तितक्याच झोकात त्या परत बदलल्या. मंत्र्यांचं लक्ष कॅमेऱ्यांकडे. बोट दिसलं तिथे त्यांनी सही ठोकली.

मामाने टिपकागद उचलला आणि दाबता दाबता सह्यांकडे पाहिलं. डावीकडे आपले मंत्री, उजवीकडेही आपलेच मंत्री! पलीकडच्या प्रतीवर दोन्हीकडे पाहुणे मंत्री. आपण आपल्याशीच करार केला होता आणि त्यांनी त्यांच्याशी. टाळ्यांचा मात्र नुसता कडकडाट.

गप्प बसला असता तर फायली कपाटात गेल्या असत्या आणि नोकरीही वाचली असती. "पण मला दिसलं होतं ना!" मामा सांगायचा. त्याने जाऊन साहेबबाईंच्या कानात सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

शेवटची पानं नव्याने छापली आणि दोन्ही मंत्र्यांना मागच्या चहाच्या खोलीत नेलं. कपबशा सरकवून जागा केली. भानगड कळली तसे आपले मंत्री साखरेच्या डब्यावर हात टेकून हसायलाच लागले. पाहुण्यांचं म्हणणं दुभाष्याने डोळे पुसत सांगितलं, "ते म्हणतात, मी माझ्या सगळ्या अटी मान्य केल्या आणि मला त्या फार आवडल्या."

"चूक कुणाची?" साहेबबाईंनी दरडावलं.

"माझी," मामा म्हणाला.

तिकडून गोल चष्मेवाली छातीवर हात मारून ओरडली. दुभाषा म्हणाला, "त्या म्हणतात, त्यांची."

"त्यांना सांगा, आधी मी म्हणालोय!"

दोघं चुकीवरून हमरीतुमरीवर आले. आता साहेबबाईंनाही हसू आवरेना. "पुरे! पुढच्या वेळी तुम्ही एकट्यानेच प्रती बदलायच्या. समजलं?"

मामाला 'पुरे'नंतरचे दोनच शब्द ऐकू आले. घरी तो दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढला, दार उघडणाऱ्या मामीचे ओले हात धरले आणि तिला तिथेच गरागरा फिरवलं. "अहो, कुणी बघेल!" ती म्हणत होती.

"अगं, पुढच्या वेळी म्हणाल्या!" मामा ओरडत होता. "पुढच्या वेळी!"